झोअँथिडचे पॉलिप रातोरात गायब होतात आणि डेकोरेटर खेकड्याच्या अंगावर सापडतात: पुन्हा पुन्हा येणाऱ्या त्रासाचं कारण आणि उपाय

रीफ टँकमध्ये (जिवंत प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत) डेकोरेटर खेकडा, म्हणजे अंगावर काहीबाही लावून स्वतःला झाकणारा खेकडा, ठेवणाऱ्या जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी हा अनुभव येतो. रात्री दिवे बंद करताना झोअँथिडच्या (वसाहत करून राहणाऱ्या प्रवाळासारख्या प्राण्याच्या) तुकड्यावर 12 पॉलिप, म्हणजे त्याची फुलासारखी दिसणारी एकेक शरीरं, असतात, सकाळी 9 उरतात, दोन दिवसांनी 6. गेलेले पॉलिप कुजलेले नसतात, आकसलेले नसतात, तळाला पडलेलेही नसतात. आणि मग एखाद्या संध्याकाळी कपारीत डोकावताना तेच पॉलिप दिसतात. पूर्ण उमललेले, आणि खेकड्याच्या मागच्या पायांवर बसून हळूहळू पुढे सरकणारे.

माझ्याकडे हे आठ महिने चाललं. मधल्या काळात मी चार वेळा तोच उपाय केला आणि चारही वेळा आठवड्याभरात परिस्थिती पहिल्यासारखी झाली. पाचव्यांदा थांबून नीट बघितलं, तेव्हा कळलं की त्रास परत परत येण्याचं मूळ माझ्या उपायातच होतं. म्हणून आधी तो उपाय सांगतो, कारण बहुतेक जण हेच करतात.

मी खेकड्याला पकडायचो, चिमट्याने त्याच्या अंगावरचे पॉलिप सोडवायचो आणि सुपरग्लू जेल लावून पुन्हा दगडावर बसवायचो. कोरल वाचलं म्हणून समाधान वाटायचं. पण उघडा पडलेला हा खेकडा त्याच रात्री पुन्हा कापायला निघायचा, आणि नेहमीपेक्षा जास्त कापायचा. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशी गत होती.

तो असं का करतो

आपल्या छंदात ‘डेकोरेटर’ या नावाने मुख्यतः कँपोशिया रेटुसा हा खेकडा मिळतो. पाठ जेमतेम दोन-तीन सेंटीमीटरची, पाय कोळ्यासारखे लांब आणि बारीक. लाल समुद्र आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून थेट ऑस्ट्रेलियापर्यंतच्या प्रवाळ खडकांवर तो राहतो. नांग्या इतक्या लहान की लढाई करून जीव वाचवणं त्याला शक्यच नाही. त्याच्या अंगावर, विशेषतः पायांवर, टोकाला आकड्यासारखे वळलेले बारीक केस असतात. गवतातून चालून आल्यावर कपड्यांना कुसळं चिकटतात, तसं या केसांत काहीही अडकतं. स्पंजाचे तुकडे, हायड्रॉइड (झुडपासारखे वाढणारे बारीक समुद्री जीव), शेवाळ, अॅसिडियन (खडकाला चिकटून राहणारे पिशवीसारखे जीव) आणि आपले झोअँथिड. यात गोंदासारखा चिकट पदार्थ कुठेही नसतो. सगळी पकड त्या आकड्यांची.

दुसरा एक खेकडा कधीकधी येतो, सायक्लोसिलोमा ट्युबरक्युलाटा. तो मशरूम कोरल आणि सॉफ्ट कोरलचे तुकडे पाठीवर घेतो. दुकानात तो एखाद्या मशरूमच्या दगडासारखा दिसतो आणि बरेच लोक दगड म्हणूनच घरी आणतात. त्याच्याकडे कोरल असलं की तोही हेच करतो. पुढचं सगळं दोघांनाही लागू आहे.

पाचव्या वेळी मी लाल प्रकाशाचा टॉर्च घेऊन रात्री तासभर टँकसमोर बसलो. लाल प्रकाश खेकड्यांना फारसा जाणवत नाही, त्यामुळे ते आपलं काम चालू ठेवतात. खेकडा तुकड्याजवळ आला, एका नांगीने पॉलिपचा देठ धरला आणि दुसरीने बुडाशी कापला. मला वाटलं, खाणार. त्याने तो तोंडाशी नेला खरा, पण कापलेलं टोक तोंडात धरून काही वेळ नुसतं फिरवत राहिला. या चावण्याने टोक खडबडीत होतं आणि आकड्यांत चांगलं अडकतं. मग मागचा पाय पुढे वाकवून त्याने पॉलिप पायावर टेकवला आणि पुढे-मागे, पुढे-मागे घासत राहिला. एकदा निसटला. त्याने तो परत तोंडात घेतला, परत चावला, परत घासला. दुसऱ्यांदा बसला. मग नांगीने हलकेच ओढून बघितला आणि पुढच्या पॉलिपकडे वळला. एका पॉलिपला पाच-सात मिनिटं लागली असतील. हे पाहिल्यापासून मला त्या खेकड्याचा राग येत नाही. तो कोरल खात नव्हता, नासधूस करत नव्हता. उघडं राहणं म्हणजे मरण, एवढंच त्याच्या शरीराला माहीत आहे, आणि तो आपलं अंग झाकत होता.

म्हणजे प्रश्न ‘खेकडा कोरल कापतो’ हा नाही. प्रश्न आहे, त्याला अजून कापावंसं का वाटतं? अंग पुरेसं झाकलं गेलं आणि लपायला जागा मिळाली की कापणं आपोआप कमी होतं. याच कँपोशियावर प्रयोगशाळेत झालेल्या एका प्रयोगात खेकड्यांना सजावटीसाठी रंगीत कापडी गोंडे दिले होते. ज्यांच्याजवळ लपायला आडोसा होता, त्यांनी कमी गोंडे लावले. आपल्या टँकमध्ये नेमकी हीच गोष्ट कामी येते.

आधी खात्री करा की चोर तोच आहे

डेकोरेटर खेकडा टँकमध्ये आहे म्हणून प्रत्येक गायब पॉलिपचा आळ त्याच्यावर घालू नका. कापलेल्या जागेकडे भिंगातून बघा. खेकड्याने नेलेल्या पॉलिपची जागा स्वच्छ असते, देठाचा आखूड खुंट राहतो किंवा थेट वसाहतीची चटई (सगळे पॉलिप जोडणारा खालचा थर) दिसते, आणि शेजारचे पॉलिप एक-दोन दिवसांत नेहमीसारखे उघडतात. पूर्ण वसाहत आठवडाभर मिटलेली असेल, पॉलिप जागच्या जागी विरघळत असतील किंवा त्यांच्यावर पांढरट पुटकुळ्या असतील, तर खेकड्याचा संबंध नाही. झोअँथिड खाणारे न्यूडिब्रँक (शंख नसलेल्या समुद्री गोगलगायी) ज्या पॉलिपवर जगतात त्याचेच रंग घेतात, त्यामुळे डोळ्यांदेखत असून दिसत नाहीत. त्यांची अंडी मात्र वसाहतीच्या खालच्या बाजूला वळ्यावळ्यांच्या फितीसारखी दिसतात. सनडायल गोगलगाय, म्हणजे काळ्या-पांढऱ्या चौकटींचा चपटा चक्राकार शंख, हीसुद्धा झोअँथिडच खाते. ती दिवसा पॉलिपच्या मुळाशी दडते.

सगळ्यात सोपी खात्री म्हणजे मोजणी. तुकड्यावरचे पॉलिप मोजा, खेकड्याच्या अंगावरचे मोजा, फोटो काढून ठेवा. तीन दिवसांनी इकडचे कमी आणि तिकडचे तेवढेच जास्त झाले असतील, तर पुढे वाचा.

उपाय

पहिली गोष्ट, अंगावरून काहीही काढू नका. अगदी तुमचा सगळ्यात लाडका पॉलिप असला तरी. तुम्ही एक काढाल, तो दोन कापेल. शिवाय ओढताना आकड्यांचे केस तुटतात, आणि ते पुढची कात टाकेपर्यंत परत येत नाहीत. म्हणजे मग त्याला सजावट टिकवणं अवघड जातं, ती गळते, आणि तो आणखी कापतो. माझ्या खेकड्याच्या डाव्या मागच्या पायावर असा टकला पट्टा पडला होता. त्या पायावर तो रोज काहीतरी लावायचा आणि सकाळपर्यंत ते पडलेलं असायचं. पॉवरहेडमागे (टँकमध्ये प्रवाह करणाऱ्या पंपामागे) जे मेलेले पॉलिप मला सापडायचे, ते या पायावरचे होते.

दुसरी गोष्ट, त्याला त्याचं सामान द्या. मी टँकच्या एका कोपऱ्यात, प्रवाह मंद असलेल्या जागी, एक पसरट दगड ठेवला. त्यावर भराभर वाढणारा साधा झोअँथिड, ग्रीन स्टार पॉलिप या सॉफ्ट कोरलची एक पट्टी आणि मॅक्रोअल्गीचे (मोठ्या समुद्री शेवाळाचे) दोन झुबके बसवले. याला मी त्याचं कपाट म्हणतो. स्पंजाचा तुकडा मिळाला तर उत्तम, फक्त स्पंज पाण्याबाहेर काढायचा नाही. त्याच्या छिद्रांत हवा अडकली तर तो आतून कुजतो, म्हणून पाण्याखालीच भांड्यात घेऊन भांड्यासकट टँकमध्ये न्यायचा. ग्रीन स्टार पॉलिप मुख्य दगडांना टेकू देऊ नका, ते सगळीकडे पसरतं. सुटं बेट करून ठेवा.

हे कपाट खेकड्याच्या बिळापासून हातभर अंतरात हवं. मी आधी ते समोरच्या काचेजवळ ठेवलं होतं, मला छान दिसावं म्हणून. तो तिकडे फिरकलाच नाही. उघड्या वाळूवरून अंगावर पुरेसं काही नसताना तो कशाला चालत जाईल? कपाट त्याच्या कपारीच्या तोंडाशी सरकवलं आणि दुसऱ्याच रात्री त्याने पहिला झुबका तोडला.

तिसरी गोष्ट, आडोसा. दगडांची रचना अशी हवी की त्याला किमान दोन-तीन जागी खोल कपार मिळेल, जिथे प्रकाश थेट येत नाही आणि मासे शिरत नाहीत. नव्या, मोकळ्या, दोन-चार मोठे दगड उभे केलेल्या टँकमध्ये हा खेकडा सतत कापत राहतो. त्रास देणारे सोबती असतील तर उपाय आणखी लंगडा पडतो. ट्रिगर, पफर, मोठे रास हे मासे, आणि कोरल बँडेड श्रिंपसुद्धा त्याला सतत टोचत राहतात. मासा दिवसातून चार वेळा चोच मारून जात असेल, तर कितीही सामान दिलंत तरी पुरणार नाही.

चौथी, ज्या कोरलवर तुमचा जीव आहे ते हलवा. वाळूवर किंवा त्याच्या कपारीला लागून महाग तुकडे ठेवू नका. काचेवर चुंबकाने लावायच्या फळीवर, दगडांपासून बोटभर सुटं ठेवलं की तो तिथे पोचत नाही. पोहता त्याला येत नाही आणि गुळगुळीत काच चढता येत नाही. तिथे ठेवलेलं माझं एकही कोरल गेलं नाही.

आणि पोटाला घाला. हे बऱ्याच जणांकडून राहून जातं, कारण ‘क्लीनअप क्रू’ (टँक साफ ठेवणारे प्राणी) म्हणून आणलेला प्राणी आपलं आपण खाईल असं गृहीत धरतात. तो थोडं शेवाळ आणि उरलंसुरलं खातो, पण स्वच्छ टँकमध्ये त्याची उपासमार होते, आणि भुकेला खेकडा अंगावरचंही ओरबाडून खातो. आठवड्यातून तीन वेळा, दिवे गेल्यावर, मायसिसचा (कोळंबीसारख्या बारीक जीवांच्या खाद्याचा) किंवा बारीक चिरलेल्या कोळंबीचा एखादा तुकडा लांब चिमट्याने त्याच्या पुढ्यात ठेवतो. हळू जा, तो बिचकतो.

कात टाकल्यानंतर सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं

वर दिलेलं सगळं केलं, महिनाभर शांतता होती, आणि एका आठवड्यात अचानक पुन्हा 10 पॉलिप गेले. असं झालं तर त्याने कात टाकली आहे. जुनं कवच सोडलं की त्यावरची सगळी सजावटही गेली. नवं अंग मऊ आणि उघडं. त्याच्या आयुष्यातली ही सगळ्यात धोक्याची वेळ.

आणि इथेच माझी दुसरी मोठी चूक होती. सकाळी टँकमध्ये निपचित पडलेला खेकडा दिसला की मी तो मेला असं समजायचो किंवा पाणी खराब होईल म्हणून ती कात लगेच उचलून टाकायचो. असं कधीही करू नका. बरेच डेकोरेटर खेकडे जुन्या कवचावरची सजावट काढून नव्या अंगावर लावतात. ती कात म्हणजे त्याची भरलेली पेटी आहे. ती काढली की तो मऊ अंगाने बाहेर पडून तुमच्या कोरलकडे जाणार.

कात आणि मेलेला खेकडा यांत फरक असा. कात मागच्या बाजूने, पाठ आणि पोट जिथे जुळतात तिथे, फाटलेली असते. खेकडा त्या फटीतून मागे सरकत बाहेर येतो. डोळ्यांच्या जागी काचेसारखी पारदर्शक टरफलं असतात. कात हलकी असते, प्रवाहाने डोलते, आत मांस नसतं. मेलेला खेकडा जड लागतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला वास येतोच. शंका असेल तर टर्की बॅस्टरने (रबरी फुगा असलेल्या मोठ्या ड्रॉपरने) हलका झोत मारून बघा, हाताने उलटंपालटं करू नका.

पाचव्या महिन्यातली कात मी जागच्या जागी ठेवली. पहिल्या दोन रात्री खेकडा दिसला नाही. तिसऱ्या रात्री तो कपारीच्या तोंडाशी आला, एका पायाने कात स्वतःकडे ओढली आणि तिच्यावरचे पॉलिप एकेक करून सोडवायला लागला. नवे पाय फिकट, जवळजवळ दुधी रंगाचे होते. पहाटेपर्यंत कातीवर काहीच उरलं नव्हतं, आणि दगडावरचा एकही पॉलिप गेला नव्हता.

कात नीट टाकता यावी म्हणून पाणी स्थिर हवं. नेमक्या मूल्यांपेक्षा त्यांचं स्थैर्य महत्त्वाचं. मी पाण्याचा खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) 1.025 वर, तापमान 24 ते 26 अंशांत, अल्कलिनिटी 8 ते 9 डीकेएच (ती मोजायचं एकक), कॅल्शियम 420 पीपीएमच्या आसपास आणि मॅग्नेशियम 1300 पीपीएमच्या आसपास ठेवतो. खारटपणा रिफ्रॅक्टोमीटरने मोजा. काट्याच्या प्लॅस्टिक हायड्रोमीटरने मला बराच काळ चुकीचं रीडिंग दिलं होतं. आयोडीन ओतायचा सल्ला खूप मिळतो. मोजल्याशिवाय घालू नका, नियमित पाणी बदलण्यातून बहुतेक गरज भागते. माशांच्या रोगासाठी तांबं असलेलं औषध मुख्य टँकमध्ये कधीही नको, ते खेकड्याला मारतं.

तुमचा मोठा झालेला खेकडा महिनोन् महिने कात टाकत नसेल तर घाबरू नका. तो ज्या मेजॉइड गटातला आहे, त्यातले खेकडे वयात येताना एक शेवटची कात टाकतात आणि त्यानंतर पुन्हा टाकत नाहीत. मग तीच सजावट त्याच्या अंगावर वाढत राहते. त्यानंतर तुटलेला पाय मात्र परत येत नाही.

अंगावरचे पॉलिप मरत असतील तर

आपला खेकडा दिवसभर अंधाऱ्या कपारीत बसतो आणि झोअँथिडला प्रकाश लागतो. म्हणून काही पॉलिप फिकट पडून लांबट होतात आणि शेवटी गळतात. हे पूर्ण थांबवता येत नाही. पण कपाटात सावलीत टिकणाऱ्या गोष्टी, म्हणजे स्पंज आणि हायड्रॉइड, जितक्या जास्त, तितकी गळती कमी, आणि गळती कमी म्हणजे नवी कापाकापी कमी. गळलेले पॉलिप आठवड्यातून एकदा सायफनने ओढून घेतो. लहान टँक असेल तर अमोनियावर लक्ष ठेवा. मेलेला स्पंज फार लवकर पाणी बिघडवतो.

एक गोष्ट अगदी गांभीर्याने सांगतो. काही झोअँथिड आणि विशेषतः त्यांच्यातलाच पॅलिथोआ हा प्रकार यांच्यात पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं. हा खेकडा त्यांचे जिवंत, नुकतेच कापलेले तुकडे अंगावर घेऊन फिरतो. त्याला किंवा त्या दगडाला हात लावायची वेळ आली तर हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि हाताला जखम असेल तर हात टँकमध्ये घालूच नका. असे दगड ब्रशने खरवडणं किंवा उकळत्या पाण्यात घालणं पूर्ण टाळा, कारण उडालेल्या शिंतोड्यांतून आणि वाफेतून विषबाधा झाल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

एवढं करूनही थांबलं नाही तर

काही टँक त्याच्यासाठी नसतातच. संपूर्ण खडक दुर्मीळ झोअँथिडने भरलेला असेल, तर त्याने काय कापावं आणि काय कापू नये हे तुम्ही ठरवू शकणार नाही. अशा वेळी त्याला सम्पमधल्या (मुख्य टँकला जोडलेल्या खालच्या टाकीतल्या) रेफ्युजियममध्ये, म्हणजे शेवाळ वाढवायच्या वेगळ्या कप्प्यात, हलवा. तिथे मॅक्रोअल्गी भरपूर असते, मासे नसतात, आणि उलट्या वेळेला दिवा असला तर तुमच्या रात्रीच्या वेळी तो कपारीत आणि दिवसा बाहेर असतो, म्हणजे बघायलाही मिळतो. हलवताना जाळी वापरू नका, आकडे तिच्यात अडकतात आणि सोडवताना पाय तुटतात. डबा पाण्यात तिरका धरा, चिमट्याच्या टोकाने त्याला मागून हलकेच ढकला, आत गेला की पाण्यासकट उचला. सोडण्याआधी रिटर्न पंपाच्या (पाणी परत मुख्य टँकमध्ये चढवणाऱ्या पंपाच्या) तोंडावर बारीक स्पंज किंवा जाळी बसवा. पहिल्या रात्री तो सगळीकडे चढून बघतो, आणि नेमका तिथेच जातो.